बटाट्यापासून नीरेपर्यंत

छत्रपति संभाजीनगरच्या विद्यापीठांत आज जीवरसायनशास्त्र शिकूं इच्छिणाऱ्या मुलीला केवळ मुलगी म्हणून कोणी परत पाठवीत नाहीं. १९३३ सालीं कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमलाबाई सोहोनी, यांना मात्र बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं तेवढ्याच कारणानें नाकारलें. (नोबेल पारितोषिकानेंही पूर्वग्रह जात नाहीं!) त्या हटून बसल्या, तेव्हां एक वर्षाच्या उमेदवारीवर प्रवेश मिळाला.

पुढें केंब्रिज येथें बटाट्यावर प्रयोग करतांना त्यांना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हें लोहयुक्त द्रव्य आढळलें. प्राणवायूच्या साह्यानें अन्नापासून शक्ति मिळविण्याची पेशीची क्रिया याच्यावांचून चालत नाहीं. १९३९ सालीं त्या पीएच.डी. झाल्या.

शरीराच्या पेशींना लोह व जीवनसत्त्वें मिळालीं नाहींत, तर पंडुरोगासारखे विकार जडतात; आणि हा उपवास आधीं घडतो तो गरिबाला. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें कमलाबाईंनीं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तपासलीं तीं गरिबांच्या ताटांतलींच अन्नें : कडधान्यें, भाताचें पीठ, नीरा. नीरेंत लोह, 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वें सांपडलीं. ती दिल्यावर कुपोषित आदिवासी मुलांची व गरोदर स्त्रियांची प्रकृति सुधारली. ऊन चढलें कीं नीरा आंबते. परंतु तिच्या गुळांतही हीं सत्त्वें टिकतात, हेंही त्यांनींच दाखविलें.