विश्लेषण : ‘बॉडी प्रेशर’ खेळात जोडीदाराचे वजन धोकादायक कधी ठरते?

जोडीदाराने अंगावर पूर्ण भार टाकावा, दाबून धरावे, अशी आवड असलेले प्रौढ असतात. ‘किंक’ म्हटल्या जाणाऱ्या आवडींपैकी ही एक. दोरी नाही, चाबूक नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात छातीवरचा भार श्वास गुपचूप रोखू शकतो. हे कसे घडते आणि काळजी कोणती घ्यावी, याविषयी…

दाब हवासा का वाटतो?

अंगावर सर्वदूर पडणाऱ्या दाबाने अनेकांना शांत वाटते. स्वमग्न असलेल्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःसाठी दाबयंत्र बनवले आणि १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. या यंत्राचा दाब कमी-जास्त करण्याची कळ आत असलेल्या व्यक्तीच्याच हाती असते. केरळच्या पायांनी करायच्या मालिशमध्ये मालीश करणारा वर बांधलेल्या दोराला धरून आपला भार तोलतो. कळ असो वा दोर, दाब हवा तेव्हा कमी करण्याची सोय दोन्हीकडे आहे. प्रौढांच्या या खेळात अशी कोणतीही कळ नसते. ती दोघांना ठरवून तयार करावी लागते.

श्वास कसा अडतो?

मालवण, तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करणाऱ्यांना याचे उत्तर सहज समजेल. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तरी पाणबुड्या आरामात श्वास घेतो. कारण टाकीतून येणारी हवाही त्याच दाबाने मिळते. मात्र तोंडात लांब नळी धरून एक मीटर खोलीवरून वरची हवा ओढणे जवळपास अशक्य असते. बाहेरच्या दाबापुढे छातीचे स्नायू हरतात. म्हणून स्नॉर्केलची नळी आखूडच असते.

छातीवर बसलेल्या माणसाचे वजन असेच काम करते. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात आणि पोट पुढे येते. दोन्ही दाबले गेले, तर नाक-तोंड मोकळे असूनही फुप्फुसे भरत नाहीत. पालथ्या व्यक्तीच्या पाठीवर भार पडला की खाली गादी आणि वर वजन, अशी कोंडी होते. मऊ गादीत वा उशीत तोंड रुतले तर धोका आणखी वाढतो.

‘बोलता येते म्हणजे श्वास चालू आहे’ हे खरे का?

नाही. थोड्याशा हवेवरही चार शब्द निघतात. प्राणवायू कमी पडू लागला की व्यक्ती तडफडते, हात-पाय झाडते. ही धडपड खेळाचा भाग समजली जाऊ शकते. त्यानंतर येणारी शांतता म्हणजे सुख नव्हे, ती बेशुद्धी असू शकते.

भार कुठे चालेल, कुठे नाही?

किती किलो किंवा किती मिनिटे सुरक्षित, असा आकडा नाही. मान, गळा आणि चेहऱ्यावर भार कधीच नको. मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. छाती, पोटाचा वरचा भाग, पाठीचा कणा आणि सांधेही टाळावेत. त्या मानाने मांड्या आणि नितंब भार पेलतात. खालच्या व्यक्तीने उताणे किंवा कुशीवर असावे, हात मोकळे असावेत. वरच्या व्यक्तीने आपले वजन स्वतःच्या गुडघ्यांवर व तळहातांवर तोलून थोडे थोडेच सोडावे आणि दर थोड्या वेळाने पूर्ण उठावे. दंडाच्या मागे किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दाब राहिला तर नस दबते. मुंग्या, बधिरपणा जाणवताच थांबावे.

दमा, हृदयविकार, हर्निया, ठिसूळ हाडे, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर हा खेळ टाळावा. दारू किंवा झोपेच्या गोळीनंतर तर नकोच.

थांबण्याची खूण कोणती?

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुडे खुणा आधीच ठरवतात. तिथे अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. कारण न देता कोणीही बुडी थांबवू शकतो. हाच नियम इथे लागू करावा. तीन थापा म्हणजे लगेच उठणे. हातात किल्ल्यांचा जुडगा धरावा, तो सुटला तरी उठणे. विचारल्यावर उत्तर आले नाही, तरीही उठणेच.

शुद्ध हरपली तर?

भार हटवून १०८ वर फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. प्राणवायूविना मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते. किनाऱ्यावरच्या वाडीतून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. गावात चर्चा होईल, या भीतीने फोन लांबवणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना नेमके काय घडले ते सांगावे, कारण उपचार त्यावर ठरतात. शुद्ध लगेच आली, तरी तपासणी करून घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेचे कलम २५ १८ वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीला महत्त्व देते, पण मर्यादेत. मृत्यू किंवा गंभीर दुखापत संभवते हे माहीत असलेल्या कृतीला ते संरक्षण देत नाही. भीतीपोटी दिलेला होकार कलम २८ नुसार संमती ठरत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ लागू होऊ शकते. त्यामुळे ‘तिची किंवा त्याची संमती होती’ एवढे म्हणून वरच्या व्यक्तीची जबाबदारी संपत नाही. भार टाकणाऱ्यानेच खालच्याचा श्वास सतत पाहत राहायचा असतो.