घरातच उमटवा आजीचा चेहरा

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या ट्रंकेतून जुन्या निगेटिव्हचे पाकीट हमखास बाहेर येते. उजेडाकडे धरून पाहावे, तर पांढरे केस, काळा चेहरा, त्याहून काळे दात. अरे, ही तर आजी! तिच्या तरुणपणाचा छापलेला फोटो मात्र कधीच हरवलेला असतो. घटकाभर हसून पाकीट पुन्हा ट्रंकेत जाते.

या वेळी ते आधी नाकाजवळ धरून पाहा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर निगेटिव्हचे अॅसिटेट कुजू लागले आहे असे समजा. दमट हवेत हे लवकर होते. थंड, कोरड्या जागी ते मंदावते, पण थांबत नाही. अशी निगेटिव्ह इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिचाच फोटो आधी छापा.

हो, घरीच! कृष्णधवल छायाचित्रण शिकायला याहून चांगली सुरुवात नाही. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-३ एकेकाळी घरोघरी असे. त्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस असते. तेवढाच फोटो हवा असेल, तर एन्लार्जरसुद्धा लागत नाही.

न्हाणीघर झाले अंधारखोली

रात्रीची वेळ निवडा. खिडकीला काळा कागद लावा, दाराखाली टॉवेल सारा आणि लाल दिवा लावा. तो दिवा खरोखर सुरक्षित आहे का? फोटोच्या कागदाच्या तुकड्यावर नाणे ठेवा, पाच मिनिटांनी तुकडा डेव्हलपरमध्ये बुडवा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा बदला.

तीन ट्रे ओळीने मांडा: डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो. हे ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा आणि ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. डेव्हलपर २० अंशांवर हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो.

कागदाची चकचकीत बाजू वर, त्यावर निगेटिव्हची मंद बाजू खाली, वरून स्वच्छ काच. आता पांढरा बल्ब किती सेकंद लावायचा? कागदाची एक पट्टी कापा आणि दर दोन सेकंदांनी पुठ्ठा थोडा थोडा सरकवत ती झाका. पट्टीवर फिक्यापासून काळ्यापर्यंत पट्टे उमटतील. त्यातून योग्य वेळ निवडा. कंजूषपणा वाटला तरी पट्टीच वापरा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल मिळण्याचे दिवस गेले, कारखाना बंद पडला. आता परदेशी कागद घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो.

डेव्हलपरमध्ये काही सेकंदांतच कपाळ, कुंकू, नथ दिसू लागते. इथेच नवखे फसतात. लाल उजेडात फोटो असतो त्याहून काळा दिसतो. घाबरून तो लवकर उचलला, की आजी राखेसारखी करडी होते. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदाला पूर्ण एक-दीड मिनिट द्या.

आता हाती कॅमेरा

छापताना एक गोष्ट कळते. चेहरा काळा आला, तर उजेड कमी देऊन दुसरा फोटो काढता येतो. पण निगेटिव्हवर पदराच्या चुण्या उमटल्याच नसतील, तिथे नुसते पारदर्शक प्लॅस्टिक असेल, तर कितीही कागद खर्चा, त्या येणार नाहीत. म्हणून स्वतःचा पहिला रोल भराल, तेव्हा उजेडाचे माप सावलीतल्या भागावरून घ्या.

रोल टाकीत भरताना लाल दिवाही चालत नाही, पूर्ण काळोख हवा. वाया गेलेल्या रोलवर आधी डोळे मिटून सराव करा.

होमाई व्यारावाला मुंबईत मानेकशॉ यांच्याकडून कॅमेरा शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो मानेकशॉंच्याच नावाने छापून येत. पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले आणि २०११ साली पद्मविभूषण मिळाले. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली आज आपण त्यांच्या कृष्णधवल फोटोंतून पाहतो.

फोटो हायपोतून काढला, की वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि चिमटा लावून दोरीवर टांगा. सकाळी नळाला पाणी येण्याआधी न्हाणीघर स्वच्छ करून घरच्यांच्या ताब्यात द्या. पुढच्या शनिवारीही परवानगी लागणारच आहे.