विश्लेषण : २२ घुमटांचे लाकडी चर्च खालून वर कसे दुरुस्त झाले?

रशियातील करेलिया प्रजासत्ताकात, ओनेगा सरोवरातील किझी बेटावर १७१४ मध्ये बांधलेले ट्रान्सफिगरेशन चर्च आहे. उंची ३७ मीटर, म्हणजे साधारण बारा मजल्यांएवढी. सगळा भार लाकडी ओंडक्यांवर. तीन शतकांत ते कुजत गेले, भिंती वाकल्या. पण खालचा ओंडका बदलायचा तर वरचा डोलारा कुठे ठेवायचा?

एकाच आवारात दोन चर्च कशाला?

किझी हे आसपासच्या खेड्यांतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेतकऱ्यांचे धार्मिक केंद्र होते. मोठ्या चर्चमध्ये शेगडीची सोय नाही, त्यामुळे तिथे फक्त उन्हाळ्यात प्रार्थना होत. हिवाळ्यासाठी शेजारी नऊ घुमटांचे, ऊब देता येणारे लहान चर्च आहे. सोबत घंटाघर. बेटावर आता खुले संग्रहालय असून, इतर गावांतून आणलेली जुनी घरे आणि पवनचक्क्याही तिथे आहेत. १९९० मध्ये या चर्च-समूहाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

एकही खिळा नाही, हे खरे?

अर्धेच. भिंतींचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवले आहेत. घुमटांवरील अ‍ॅस्पेन लाकडाच्या चंदेरी पट्ट्या मात्र खिळ्यांनीच ठोकल्या आहेत. सुतार नेस्तोरने काम संपताच कुऱ्हाड सरोवरात फेकली, ही तर निव्वळ दंतकथा, पर्यटकांना आवडते.

दुरुस्ती कशी झाली?

१९८० मध्ये चर्च बंद झाले. आतील पवित्र चित्रे काढून तिथे लोखंडी सांगाडा उभारण्यात आला. कोसळण्याचा धोका टळला, कुजणे थांबले नाही. अखेर चर्चचे आडवे सात थर कल्पून काम सुरू झाले. वरचे थर जॅक लावून सांगाड्यावर टांगायचे, सर्वांत खालचा थर काढून बेटावरच्याच कार्यशाळेत न्यायचा. तिथे प्रत्येक ओंडका तपासून फक्त कुजका भाग कापायचा, त्या जागी नवे लाकूड सांधायचे, थर परत बसवायचा, मग त्यावरचा. सरसकट नवे ओंडके घातले असते तर काम सोपे झाले असते, पण उरली असती ती प्रतिकृती. २०२० मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला.

आता धोका कशाचा?

आगीचा. हे काम सुरू असतानाच, ऑगस्ट २०१८ मध्ये, करेलियातल्याच कोंदोपोगा येथील १७७४ चे लाकडी चर्च जळून खाक झाले.