होडीचे बारा रुपये

अण्णांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर सापडल्या. मास्तरांचं वळणदार अक्षर, लाल शाईचा समास, प्रत्येक पानाखाली बेरीज. १९९१ च्या मे महिन्यातलं एक पान मालवणच्या सहलीचं आहे. एसटीचे पास, राहण्याची खोली, शहाळी, होडी १२ रु., आणि शेवटी जरा घाईत लिहिलेलं : ‘चप्पल जोड, चि. ताईस, १८ रु.’ एकूण ६४२ रुपये.

त्या पैशांत न्हाणीघरावर पत्रे पडले असते, असं शेजारचे काका पुढे बरीच वर्षं ऐकवायचे. लोक घर बांधतात, आमचा मास्तर पाणी बघायला जातो!

चप्पल होडीत चढताना समुद्रात पडली. कोणाची ते वहीत आहे, रंग नाही. ताई म्हणते, लाल होती. मी शपथेवर सांगेन की निळी होती. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघाली होती. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो कुरटे बेटावर बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या आजीने तिथलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि ती काहीतरी म्हणाली. आईच्या मते ते दहीबावीवर घडलं, अण्णा दूधबावीवर ठाम होते. आजी नेमकं काय म्हणाली, याच्या आमच्या घरात चार आवृत्त्या आहेत.

मला वाटायचं, आठवण म्हणजे अल्बममधला फोटो. काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. मेंदूत मात्र असं काही होतच नाही! २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट आवाज झाला की झटका बसतो, हे उंदीर शिकले होते. पुढे त्यांना तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या एका भागात नवी प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध टोचलं. भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवणसुद्धा बाहेर काढली की काही काळ ओली, कच्ची होते आणि पुन्हा थापून वाळवावी लागते. उंदराची भीती आणि माणसाची सहल यांत अंतर आहे, हे मान्य. पण माणूस गोष्ट आठवताना ती नव्याने रचतो, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिलं होतं.

आता आमच्या चपलेकडे बघा. चौतीस वर्षांत ती गोष्ट किती वेळा सांगितली गेली, त्याला गणती नाही. लग्नात, बारशात, वीज गेली की हमखास. दर वेळी चार डोक्यांत ती पुन्हा घडवली गेली, आणि कधीतरी कोणाच्या तरी डोक्यात रंग पालटला. ही ठेव भलतीच अजब आहे : पासबुक उघडल्याशिवाय व्याज लागत नाही, आणि उघडलं की मुद्दलही थोडं बदलतं.

त्याच दिवाळीत आमच्याकडे मिक्सर आला होता. किंमत सहलीहून जास्त. पहिले आठ दिवस आई येईल त्याला चटणी वाटून दाखवायची. मग तो ओट्यावरच्या डब्यांपैकी एक झाला. मेंदू फरक टिपतो. फरक संपला की लक्ष संपतं, जसा डोक्यावरच्या पंख्याचा आवाज पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो. सहल मात्र सवय होण्याआधीच संपते. लीफ व्हॅन बोवेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली अमेरिकेतल्या लोकांना विचारलं : सुखासाठी घेतलेल्या वस्तूने जास्त आनंद दिला की अनुभवाने? बहुतेकांचा कौल अनुभवाकडे गेला. कमी उत्पन्नाच्या घरांत मात्र हा फरक पुसट होत गेला. ते बरोबरच आहे. ज्याच्या न्हाणीघराला खरोखरच छप्पर नाही, त्याला पत्र्याचं सुख विचारा. शिवाय प्रत्येक खरेदीची अशी वाटणी करता येत नाही : हार्मोनियम ही वस्तू म्हणायची की अनुभव?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा १९९३ सालचा प्रयोग मला त्याहून चकित करतो. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट; त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. पुन्हा यातलं काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला! आठवण घड्याळ बघत नाही. ती मुख्यतः दोन जागा चाखते, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट. मालवणच्या त्या दिवसांत आम्ही उन्हाने करपलो असणार, भांडलोही असणार. पण उरली ती चप्पल आणि ओंजळभर पाणी.

आणि आनंद निघण्याआधीच सुरू होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात सुटीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खूश दिसले, तेही निघण्यापूर्वी. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. अण्णा महिनाभर आधी वेळापत्रक पसरून बसायचे, त्याचा अर्थ मला आता लागतो.

बचतीची थट्टा करण्याची माझी ऐपत नाही. त्याच वह्यांमधल्या थेंबाथेंबाने मी शिकलो. पण एक गणित करून पाहिलं. बहात्तरला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. १९९१ मध्ये पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं. म्हणजे सहा वर्षं. १९९७ साली ते ६४२ रुपये जवळजवळ १२८४ झाले असते. तेव्हा आजी खाटेवरून ओसरीपर्यंतही भिंत धरून यायची आणि ताई सासरी गेली होती. आज ७.१ टक्क्यांनी दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. सहा वर्षांचा मुलगा तोवर सोळाचा होतो आणि आईबापांबरोबर फोटोला उभा राहायला लाजतो. नातवंडाला पुढे आठवेल इतकं वय आणि आजीच्या गुडघ्यांत जोर, या दोन गोष्टी एका घरात फार थोड्या उन्हाळ्यांपुरत्या एकत्र असतात. त्या उन्हाळ्यांवर कुठलीच बँक व्याज देत नाही.

म्हणून कर्ज काढून स्वित्झर्लंड गाठा, असं मी म्हणणार नाही. हप्ता दर महिन्याला आठवण करून देतो, आणि ती गोड नसते.

अण्णांनी काढलेला पास ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ या एसटीच्या योजनेतला होता. १९८८ साली सुरू झालेली ही योजना आजही आहे. चार दिवसांचा पास मिळतो, सात दिवसांचाही; पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तो निम्म्या दरात आहे.