मन बदलले की बेत?

शेजारच्या आजींचा नातू विलायतेत वाढलेला. मराठी त्याला येत नाही. दिवाळीला इंदुरास येणार होता, पण परवा त्याचा इंग्रजी निरोप आला: ‘आय हॅव चेंज्ड माय माइंड.’ कुणीतरी शब्दास शब्द ठेवून आजींना सांगितले, ‘माझे मन बदलले आहे.’ आजी त्या रात्री जेवल्या नाहीत. आपल्याकडे मन बदलले म्हणजे माया आटली! मी जाऊन म्हटले, “आजी, मन नव्हे, बेत बदललाय त्याचा.”

हे ‘चेंज’ क्रियापद मोठे बिलंदर. सोबतच्या नामागणिक त्याचे मराठी निराळे. मीटरगेजच्या काळी मुंबईस जाताना आम्ही खंडव्यास गाडी बदलत असू. आमची गाडी एकवचनी. इंग्रज ‘चेंज ट्रेन्स’ म्हणतो, कारण सोडलेली आणि धरलेली अशा दोन्ही तो मोजतो. घर विकले की त्याच्या भाषेत ते ‘हात बदलते’. नोट आपण मोडतो, तो तीही बदलतो. विषय तेवढा दोघेही बदलतात, आणि बहुधा एकाच कारणासाठी!

आजींनी तो निरोप माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. शेवटी ‘मे महिन्यात येतो’ असे होते. ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.