बाळंतपणानंतर लघवी गळत राहते? हे दुखणे बरे होते

काही बायकांची बाळंतपणानंतर लघवी थांबतच नाही. उठता-बसता, झोपेत, भावना न होताच ती झिरपत राहते. मग ती बाई लग्नकार्याला जात नाही, नळावरची गर्दी सरल्यावर पाणी भरते, घरातही तिचे अंथरूण वेगळे पडते. या दुखण्याला फिस्टुला म्हणतात. (फिस्टुला म्हटले की भगंदर आठवते, ते वेगळे.)

याच दुखण्यासाठी डॉ. कॅथरीन हॅम्लिन यांनी साठ वर्षे दिली. या ऑस्ट्रेलियन स्त्रीरोगतज्ज्ञ पती डॉ. रेजिनाल्ड यांच्यासह १९५९ मध्ये इथिओपियातील अदिस अबाबा येथे गेल्या. करार तीन वर्षांचा, काम सुईणींना शिकवण्याचे. तिथे दूरच्या खेड्यांतून अशा बायका येऊ लागल्या. दोघांनी शस्त्रक्रियेची पद्धत अभ्यासून ती सुधारली आणि १९७४ मध्ये फक्त या रुग्णांसाठी मोफत रुग्णालय उघडले. २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, कॅथरीन तिथेच वारल्या. तोवर साठ हजारांवर बायकांवर उपचार झाले होते.

मामितू गाशे ही त्यांच्यापैकीच एक. निरक्षर, मूल पोटातच गेलेले. उपचारासाठी आली आणि तिथेच राहिली. आधी अंथरुणे घालायची, मग ऑपरेशनला मदत करू लागली, शेवटी स्वतः निष्णात सर्जन झाली. पुढे डॉक्टरांनी तिच्याकडून ही शस्त्रक्रिया शिकून घेतली! आम्हाला ही गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या कामाइतकीच मोठी वाटते.

हे होते कसे? बाळाचे डोके कमरेच्या हाडात अडकते. कळा चालूच राहतात. डोके आणि हाड यांच्यामध्ये मूत्राशयाची कातडी दबते, तिचा रक्तपुरवठा तुटतो, काही दिवसांनी ती सडून तिथे भोक पडते. बाळ बहुधा दगावते. ना करणी, ना बाईचा दोष. वेळेत सिझेरियन झाले असते तर हे टळते. म्हणूनच हॅम्लिनबाईंनी २००७ मध्ये सुईणींचे कॉलेजही काढले.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझेरियन मोफत आहे. कळा सुरू होताच १०२ किंवा १०८ ला फोन करा. बारा तास कळा देऊनही बाळ येत नसेल, तर घरी थांबू नका. गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा झाली तरी असेच गळू शकते, हेही ध्यानात ठेवा.

गळणे लवकर कळले, तर काही आठवडे लघवीची नळी ठेवून लहान भोक आपोआप भरू शकते. नाहीतर ऑपरेशन करावे लागते. बहुतेक बायका त्याने बऱ्या होतात. घरात अशी कुणी आई, आत्या, मावशी असेल, तर वीस वर्षे झाली असली तरी तिला सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. तिला बोलायला संकोच वाटत असेल, तर आशाताईला बरोबर न्या.