शेवटचे सात सेकंद

टेनिस, बोलिंग आणि बेसबॉल! ही खेळांची नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. पण एका घरात ती तीन भावंडांची टोपणनावं आहेत, असं सांगितलं तर? थायलंडमध्ये खऱ्या नावाशिवाय प्रत्येकाला असं एक सुटसुटीत नाव असतं. आता गंमत ऐका. यातली ‘टेनिस’ टेनिसपटू झालीच नाही. ती झाली तायक्वांदोची ऑलिंपिक विजेती!

तिचं खरं नाव पानिपाक वोंगपत्तनाकित. जन्म 8 ऑगस्ट 1997. गाव सुरत थानी. नाव ओळखीचं वाटतं ना? तिथल्या राजानं 1915 मध्ये आपल्या सुरतेवरून हे नाव ठेवलं आणि तिथल्या नदीला नाव दिलं तापी! जळगाव-धुळ्याच्या मुलांनो, तुमच्या तापीची एक मैत्रीण थायलंडातही वाहते बरं का!

तायक्वांदो हा मूळचा कोरियाचा खेळ. ‘ते’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. आता याचं गणित समजून घेऊ. छातीच्या कवचावर ठोसा बसला तर 1 गुण, लाथ बसली तर 2 आणि डोक्यावर लाथ बसली तर 3. गिरकी घेऊन मारली तर आणखी जास्त. म्हणजे एका लाथेत सामना इकडचा तिकडे होतो. कबड्डीतल्या शेवटच्या चढाईसारखंच!

पानिपाकला चोई यंग-सोक हे कोरियाचे कडक प्रशिक्षक लाभले. 2015 मध्ये ती जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये 49 किलो वजनी गटात उतरली, तेव्हा तिला एकोणीस वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर होती कोरियाची किम सो-हुई. अवघे काही सेकंद उरले होते आणि पानिपाक पुढे होती. आता जिंकलीच म्हणायचं! तेवढ्यात किमचा पाय उंच गेला आणि थेट डोक्यावर बसला. सामना गेला, 6-5 असा. एका गुणानं!

किम पुढे अंतिम फेरीत पोचली. अंतिम फेरी गाठणाऱ्या खेळाडूकडून हरलेल्यांना या खेळात कांस्यपदकासाठी आणखी एक संधी मिळते. सुवर्णपदक हातातून निसटलेलं, मन खट्टू झालेलं, तरी त्याच दिवशी पुन्हा कवच चढवून लढायचं. सोपं आहे का? पानिपाक लढली आणि कांस्यपदक घेऊनच परतली.

नंतर 2018 मध्ये तिनं आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळवलं, 2019 मध्ये पुन्हा जगज्जेतेपद. कोरोनामुळे टोकियो ऑलिंपिक एक वर्ष लांबलं. 24 जुलै 2021 रोजी ती अंतिम फेरीत उभी राहिली. प्रतिस्पर्धी स्पेनची आद्रियाना सेरेसो, फक्त सतरा वर्षांची आणि भलतीच चपळ! शेवटी गुणफलक काय सांगत होता? सेरेसो 10, पानिपाक 9. सात सेकंद उरलेले.

पाच वर्षांपूर्वी असेच शेवटचे सेकंद तिच्यावर उलटले होते. या वेळी पाय तिचा होता. कवचावर सणसणीत लाथ बसली. नऊ अधिक दोन किती? अकरा! पानिपाक 11-10 अशी जिंकली. तायक्वांदोमधलं थायलंडचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

2024 मध्ये पॅरिसला नियम बदलले होते. प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजायची आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. चीनच्या ग्वो छिंगनं अंतिम सामन्यात तिच्याकडून एक फेरी हिसकावली. पण तिसरी फेरी पानिपाकनं घेतली आणि सुवर्ण राखलं. ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारी ती थायलंडची पहिली खेळाडू ठरली. तारीख होती 7 ऑगस्ट. दुसऱ्याच दिवशी तिचा सत्ताविसावा वाढदिवस! ही आपली शेवटची स्पर्धा, असं तिनं ठरवलं होतं. जिंकली आणि थांबली.

मित्रमैत्रिणींनो, रिओमध्ये पानिपाक पुढे होती आणि हरली. टोकियोत मागे होती आणि जिंकली. म्हणून मैदानावर आपण पुढे असलो तर गाफील राहायचं नाही आणि मागे असलो तर हातपाय गाळायचे नाहीत. शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालूच असतो!